जुन्या संगणकावर घरभराचे टीव्ही रेकॉर्डिंग : एका एकत्र कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावालगत राहणाऱ्या एकत्र कुटुंबातले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. घर दुमजली आहे. तळमजला जुना, दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडी भिंतींचा, आणि त्यावर अलीकडच्या काळात चढवलेला स्लॅबचा मजला. सासू-सासरे आणि थोरल्या मुलाचे कुटुंब खाली, धाकट्याचे वर. घरात तीन टीव्ही आहेत. दिवाणखान्यातल्या टीव्हीला खासगी डीटीएचची जोडणी होती, तर सासू-सासऱ्यांच्या खोलीतला आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही डीडी फ्री डिशवर चालत असे.

धाकट्या मुलाच्या खते-बियाण्यांच्या दुकानात बिले करण्यासाठी २०११ च्या सुमारास घेतलेला एक संगणक दुकानात नवा लॅपटॉप आल्यापासून माळ्यावर पडून होता. त्यात दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती, आणि त्यावर विंडोज ७ चालत असे, ज्याच्या सुरक्षा-सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून बंद केल्या आहेत. भंगारात त्याला नगण्य किंमत येत होती. माध्यमिक शाळेत संगणक शिकवणाऱ्या थोरल्या सूनबाईंनी तो विकू दिला नाही, आणि २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत घरभरासाठी टीव्हीचे रेकॉर्डिंग करणारे यंत्र म्हणून त्याचा उपयोग करायचे ठरवले.

अडचण

सह्याद्री वाहिनीवरचा शेतीविषयक कार्यक्रम सासरे अनेक वर्षे नेमाने पाहत. घरात म्हशी वाढल्या तशी संध्याकाळची धार आणि दूध संकलन केंद्रावर जाण्याची वेळ नेमकी त्या कार्यक्रमावर येऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या मुलांना शाळेच्या वेळेतले शैक्षणिक कार्यक्रम हवे होते, तर थोरल्या मुलाला रात्री उशिरा लागणारे जुने चित्रपट दुसऱ्या दिवशी पाहायचे होते. सासूबाईंच्या मालिका वेळेवर लागत, पण त्याच वेळी स्वयंपाक असे किंवा वीज जात असे.

मागणी सर्वांची एकच होती : कार्यक्रम आपोआप टिपला जावा आणि घरातल्या कोणत्याही टीव्हीवर, हव्या त्या वेळी पाहता यावा. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. एका टीव्हीला जोडलेले रेकॉर्डर बाजारात सहज मिळतात. एका ठिकाणी टिपून तीन ठिकाणी दाखवणारी व्यवस्था आपल्याकडे क्वचितच विकत मिळते.

विचारात घेतलेले पर्याय

डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा सेट-टॉप बॉक्स हा पहिला पर्याय. भारतात असे बॉक्स २००८ पासून घराघरांत पोहोचले. ते चालवायला सोपे असतात आणि सशुल्क वाहिन्याही टिपतात. मात्र टिपलेला मजकूर त्या बॉक्सशीच कुलूपबंद असतो. त्यातली डिस्क काढून संगणकाला लावली तरी काही वाचता येत नाही. तीन खोल्यांचा प्रश्न त्यामुळे जागच्या जागी राहिला असता.

दुसरा पर्याय पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणाऱ्या स्वस्त फ्री-टू-एअर, म्हणजे फक्त मोफत वाहिन्या दाखवणाऱ्या, बॉक्सचा होता. तालुक्याच्या बाजारात तो सहज मिळतो. एक टीव्ही, एक वाहिनी आणि रोज हाताने लावायची वेळ एवढ्यावर ज्याचे भागते त्याने याच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. या कुटुंबाचे मात्र तेवढ्यावर भागत नव्हते.

तिसरा पर्याय ओटीटीचा. सशुल्क वाहिन्यांच्या बहुतेक मालिका त्यांच्या ॲपवर मिळतात, आणि प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे आपले ॲप सुरू केले. अडचण इंटरनेटची होती. वीज गेली की गावातले फायबरही बंद पडे, आणि पावसाळ्यात ते पूर्ववत व्हायला कधी कधी दोन दिवस लागत. शिवाय सासऱ्यांना ॲप उघडणे, शोधणे आणि जाहिरात ओलांडणे जमत नव्हते.

चौथा पर्याय खासगी डीटीएच बॉक्समधून बाहेर येणारे चित्रच कॅप्चर उपकरणाने टिपण्याचा. एचडीएमआय जोडणीवर नक्कल रोखणारे एचडीसीपी संरक्षण असते. ते चुकवण्याची साधने विकली जातात, पण कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ अशा संरक्षणाला बगल देण्याविरुद्धच आहे. शिवाय एका बॉक्समधून एका वेळी एकच वाहिनी बाहेर येते, त्यामुळे कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा मार्ग लंगडाच होता.

उरला तो पाचवा पर्याय : जुन्या संगणकात उपग्रहाचा संकेत पकडणारे ट्यूनर कार्ड बसवायचे, डीडी फ्री डिशचा संकेत थेट त्यात घ्यायचा आणि घरातल्या नेटवर्कवरून तो सगळ्या टीव्हींना पुरवायचा.

पहिला निर्णय : संकेत कुठून घ्यायचा

पुढच्या सगळ्या गोष्टी या एका निर्णयावर अवलंबून होत्या, तरी अशा प्रयोगांत लोक सुरुवात बहुधा संगणकापासून करतात. प्रोसेसर पुरेल का, रॅम वाढवावी का, याची चर्चा होते आणि कोणती वाहिनी टिपता येणार हे शेवटी कळते. सूनबाईंनी आधी घरातल्या प्रत्येकाला विचारून वाहिन्यांची यादी केली आणि त्यांतल्या कोणत्या विनासंकेतन, म्हणजे कोणत्याही कार्डावाचून दिसतात, हे तपासले.

डीडी फ्री डिशची सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. मासिक शुल्क नसलेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी किसान आणि शैक्षणिक वाहिन्या तीत होत्याच, आणि यादीतल्या चित्रपट-वाहिन्यांपैकी काही होत्या. सासूबाईंच्या मालिका ज्या सशुल्क वाहिन्यांवर लागत, त्या मात्र तीत नव्हत्या. "अगं, माझी मालिका त्यात दिसणार नसेल, तर त्या डब्याचा मला काय उपयोग?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

यावर डिश बसवणाऱ्या तंत्रज्ञाने एक तोड सुचवली. एका सशुल्क कार्डाची किल्ली इंटरनेटवरून वाटून घेणाऱ्या मंडळींकडून 'लाइन' घेतली की सगळ्या वाहिन्या संगणकात उघडतात, असे त्याचे म्हणणे होते. तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नव्हते, परंतु ती सरळ चोरी आहे आणि कुटुंबाने ती नाकारली. सासूबाईंसाठी दिवाणखान्यातली डीटीएच जोडणी चालू ठेवायची, चुकलेले भाग थोरल्या मुलाने मोबाइलवरून टीव्हीवर लावून द्यायचे, आणि नवे यंत्र फक्त मोफत वाहिन्यांपुरते ठेवायचे, असे ठरले. घरातल्या सर्वांत जास्त टीव्ही पाहणाऱ्या व्यक्तीला या व्यवस्थेतून जवळजवळ काहीच मिळणार नव्हते. हे सुरुवातीलाच स्पष्ट बोलले गेल्यामुळे पुढे रुसवेफुगवे झाले नाहीत.

कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहिली गेली. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३९ नुसार प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग ते करणाऱ्याच्या खासगी वापरासाठी असेल, तर प्रक्षेपण-हक्काचा भंग होत नाही. आणि कलम ५२ मध्ये खासगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या योग्य वापराला मुभा आहे. पुढे गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर दाखवायला म्हणून एका नातेवाइकाने रेकॉर्ड केलेला चित्रपट पेनड्राइव्हवर मागितला, तेव्हा याच आधारावर नकार देता आला.

दुसरा निर्णय : किती ट्यूनर

एक ट्यूनर म्हणजे एका वेळी एक वाहिनी, हा समज सेट-टॉप बॉक्समुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ट्यूनर एका वेळी एक ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, पकडतो, आणि त्या एका प्रवाहात दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वाहिन्या एकत्र गुंफलेल्या असतात. सेट-टॉप बॉक्स त्यातली एक निवडतो व बाकीच्या टाकून देतो. संगणकाला मात्र त्या प्रवाहातल्या हव्या तितक्या वाहिन्या एकाच वेळी वेगवेगळ्या फायलींत लिहिता येतात. त्यामुळे किती वाहिन्या हव्यात यापेक्षा त्या किती ट्रान्सपाँडरवर पसरल्या आहेत, हे महत्त्वाचे ठरते.

कुटुंबाच्या यादीतल्या वाहिन्या तीन ट्रान्सपाँडरवर विभागलेल्या निघाल्या. तीन ट्यूनर घेतले असते तर कधीच टक्कर झाली नसती, परंतु वेळापत्रक मांडून पाहिल्यावर तिन्ही ट्रान्सपाँडर एकाच वेळी लागण्याचे प्रसंग आठवड्यातून फार थोडे दिसले. म्हणून दोन ट्यूनरचे पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड निवडले गेले. निवडताना लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या मूळ कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, कार्ड चालवणारा चालक (ड्रायव्हर) समाविष्ट आहे का, हे मुद्दाम पाहिले, कारण निर्मात्याकडून स्वतंत्रपणे घ्यावा लागणारा चालक प्रत्येक कर्नल-बदलानंतर पुन्हा बांधावा लागतो, आणि ती डोकेदुखी वर्षानुवर्षे पुरते. संपूर्ण खर्चात हेच कार्ड सर्वांत महाग पडले.

दोन ट्यूनरना छत्रीपासून दोन स्वतंत्र केबली लागतात. तंत्रज्ञाने एकाच एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या संकेत घेणाऱ्या डबीच्या, केबलीवर स्प्लिटर लावण्याचा सल्ला दिला होता. एलएनबीला कोणते ध्रुवीकरण आणि कोणता पट्टा हवा, हे ट्यूनर १३ किंवा १८ व्होल्टचा दाब आणि २२ किलोहर्ट्झचा स्वर पाठवून कळवतो. दोन ट्यूनरनी दोन वेगळे हुकूम दिले तर एकाचे चित्र जाते. म्हणून दोन तोंडांचा एलएनबी बसवला गेला. त्याची किंमत किरकोळ होती आणि प्रश्न कायमचा मिटला.

तिसरा निर्णय : सॉफ्टवेअर

विंडोज ७ वरच राहून त्यातले मीडिया सेंटर वापरणे हा मोहाचा मार्ग होता. पण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० आणताना तो कार्यक्रम सोडून दिला, आणि सुरक्षा-सुधारणा न मिळणारा संगणक घराच्या नेटवर्कवर दिवसभर चालू ठेवणे योग्यही नव्हते. मिथटीव्ही ही २००२ पासून चालत आलेली प्रणाली परिपूर्ण असली, तरी तिची मांडणी या कामासाठी बोजड वाटली. अखेर डेबियन लिनक्सवर टीव्हीहेडएंड बसवले गेले. ते ट्यूनर सांभाळते, रेकॉर्डिंग करते आणि नेटवर्कवरून चित्र पुरवते. पाहण्याचे काम प्रत्येक टीव्हीवरच्या कोडी या कार्यक्रमाकडे राहते.

जुना प्रोसेसर पुरेल का, या शंकेचे उत्तरही इथेच मिळाले. उपग्रहावरून येणारे चित्र आधीच संकुचित असते, आणि रेकॉर्डिंग म्हणजे तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवणे. एका एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिनीला सेकंदाला दोन ते तीन मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १ ते १.३ जीबी लागतात. एकाच वेळी चार वाहिन्या लिहितानाही प्रोसेसर बहुतांशी रिकामा होता. चित्राचे रूपांतर करायचे असेल तेव्हाच ताकद लागते, आणि ते टाळण्यासाठी फायली प्रक्षेपणाच्या मूळ, म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, स्वरूपातच ठेवल्या गेल्या. या स्वरूपाचा आणखी एक फायदा वीज जाणाऱ्या गावात फार मोलाचा आहे : एमपी४ फाइल पूर्ण होण्याआधी यंत्र बंद पडले तर ती बहुधा उघडतच नाही, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम मात्र जिथपर्यंत लिहिली गेली तिथपर्यंत सुखरूप चालते.

प्रत्यक्ष काम

माळ्यावरून काढलेला संगणक आधी फुंकून स्वच्छ केला गेला. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली आणि रॅमची रात्रभर चाचणी घेतली. जुन्या ५०० जीबी डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या) वाचता न येणारे सेक्टर दिसत होते, म्हणून ती बाद केली. तिच्या जागी प्रणालीसाठी एक लहान एसएसडी आणि रेकॉर्डिंगसाठी २ टीबीची, सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी डिस्क घेतली गेली. सतत लिहिण्यासाठीच बनवलेल्या या डिस्क आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. एवढ्या जागेत दीड हजार तासांच्या वर मजकूर मावतो, जो कोणीही पाहून संपवणार नाही. म्हणून तीस दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसले जावे आणि ठरावीक जागा नेहमी रिकामी राहावी, अशी सोय केली. ठेवण्याजोगे तेवढे हाताने राखायचे.

छत्री सुमारे ६० सेंटिमीटरची होती. ती काढून ९० सेंटिमीटरची बसवली, जेणेकरून संकेत पकडणारे क्षेत्रफळ सव्वादोनपट झाले आणि सुमारे साडेतीन डेसिबलची भर पडली. साताऱ्याकडून जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर आहे. इतक्या उंचीमुळे परसातला आंबा आडवा आला नाही. वळवाच्या पावसातल्या विजांचा विचार करून छत्रीच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंग दिले गेले.

नेटवर्कचा प्रश्न दगडी भिंतींनी सोडवला, असेच म्हणावे लागेल. वायफाय दिवाणखान्यातून सासऱ्यांच्या खोलीत धड पोहोचत नव्हते, त्यामुळे कॅट-६ केबल टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका प्रवाहाला दोन-तीन मेगाबिट लागत असल्याने वायफाय क्षमतेत कमी पडले नसते, परंतु त्याची अनियमितता चित्रात लगेच दिसते. दिवाणखान्यातल्या अँड्रॉइड टीव्हीवर कोडी थेट बसले, आणि उरलेल्या दोन टीव्हींना लहान अँड्रॉइड बॉक्स जोडले गेले. त्यांपैकी एका बॉक्सवर बातम्यांची खालून सरकणारी पट्टी कंगव्यासारखी फाटलेली दिसे, कारण एसडी वाहिन्यांचे चित्र अजूनही एकाआड एक ओळींचे असते. कोडीत डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या ओळी जुळवण्याची सोय, चालू करून आणि त्या बॉक्सवरचे हार्डवेअर डिकोडिंग बंद करून तो दोष गेला.

वेळापत्रकाची अडचण

रेकॉर्डरची खरी सोय वेळापत्रकात असते. अमेरिकेत १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या डिजिटल रेकॉर्डरनी लोकांना जिंकले, ते कार्यक्रमाचे नाव निवडले की पुढचे सगळे भाग आपोआप टिपले जातात म्हणून. त्यासाठी प्रक्षेपणासोबत अचूक कार्यक्रमपत्रिका यावी लागते. या घरातल्या पाहणीत यादीतल्या निम्म्याहून अधिक वाहिन्यांवर पत्रिका रिकामी, अपुरी किंवा प्रत्यक्षाशी न जुळणारी निघाली. नावावरून रेकॉर्डिंग लावण्याचा बेत सोडून द्यावा लागला.

पर्याय दोन होते. इंटरनेटवरून पत्रिका गोळा करणारी साधने जोडता आली असती, परंतु ती ज्या संकेतस्थळांवर अवलंबून असतात त्यांची मांडणी बदलली की बंद पडतात, आणि ती दुरुस्त करणारी व्यक्ती घरात एकच होती. म्हणून घड्याळी वेळेवर आधारित रेकॉर्डिंग निवडले गेले : अमुक वार, अमुक वाहिनी, अमुक वाजता, पाच मिनिटे आधीपासून पंधरा मिनिटे नंतरपर्यंत. ही पद्धत जुनाट आहे, आणि थेट प्रक्षेपणामुळे कार्यक्रम अर्धा तास सरकला की फसते. तरीही ती का फसली हे घरातल्या कोणालाही समजते, आणि ही तिची मोठी जमेची बाजू मानायला हवी.

रेकॉर्डिंगच्या नावांवरही विचार करावा लागला. वाहिनी आणि तारीख एवढेच नाव असलेल्या लांबलचक यादीत सासऱ्यांना काहीच सापडेना. 'शेती, सोमवार', 'शेती, मंगळवार' अशी नावे दिल्यावर ते रिमोटने स्वतः लावू लागले.

वीज आणि घड्याळ

संगणक चालू असताना प्लग-मीटरवर सुमारे ४० वॉट दाखवत होता. चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला जवळपास २९ युनिटे होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर बराच वाढतो, आणि कुटुंबाचा वापर आधीच त्यापुढे असल्याने ही सगळी युनिटे महाग टप्प्यातली होती. रेकॉर्डिंग नसताना संगणकाला झोपवायचे आणि पुढच्या रेकॉर्डिंगआधी जागे करायचे, अशी व्यवस्था आधी करून पाहिली. ती एरवी चाले, पण झोपेत असताना वीज गेली की सगळेच विसरे.

शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ मांडणीत, रोज पहाटे पाचला यंत्र चालू करणारी वेळ लावली गेली, आणि रात्री पावणेबाराला रेकॉर्डिंग चालू नसेल तर ते बंद करणारी छोटी आज्ञावली लिहिली गेली. रात्री उशिराचा चित्रपट लावलेला असला की यंत्र तो संपेपर्यंत थांबते. वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोयही बायोसमध्येच असते. यातून बचत महिन्याला सहा युनिटांच्या आसपास झाली, म्हणजे फारशी नाही. मात्र दररोज यंत्र नव्याने सुरू होत असल्याने अडकलेला ट्यूनर किंवा हरवलेली जोडणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत रेकॉर्डिंग कधी कधी चक्क अर्धा-पाऊण तास उशिरा सुरू होई. कारण शोधायला वेळ लागला. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्राचे घड्याळ पुसले जाई. लिनक्स सुरू होताना शेवटची नोंदलेली वेळ धरून चाले, म्हणजे वीज जितका वेळ गेलेली असेल तितके घड्याळ मागे राही, आणि इंटरनेट येईपर्यंत ते दुरुस्त होत नसे. सीआर२०३२ बॅटरी बदलल्यावर हा दोष गेला. घरातला इन्व्हर्टर साध्या अवस्थेतून यूपीएस अवस्थेत टाकल्यावर वीज जाता-येता संगणक पुन्हा सुरू होणेही थांबले. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला असलेले हे बटण बहुतेक घरांत कोणी पाहिलेले नसते.

परिणाम

शेतीचा कार्यक्रम सासरे रात्री जेवणानंतर पाहतात, आणि मुलांचे शैक्षणिक तास रविवारी एकत्र पाहिले जातात. थोरल्या मुलाच्या चित्रपटांचा साठा वाढतो आणि तीस दिवसांनी न पाहताच पुसला जातो.

पावसाळ्याने मर्यादा दाखवल्या. उपग्रहाच्या लहरींचा हा पट्टा पावसाच्या थेंबांत शोषला जातो, आणि जुलै-ऑगस्टमधल्या मुसळधार सरींत होणारी घट साडेतीन डेसिबलच्या वाढीला दाद देत नाही. मोठ्या छत्रीमुळे रिमझिम आणि मध्यम पावसात चित्र टिकले, जोराच्या सरीत मात्र रेकॉर्डिंगमध्ये खंड पडले. टीव्हीहेडएंड प्रत्येक रेकॉर्डिंगसमोर त्रुटींची संख्या दाखवते. ती पाहून ज्या कार्यक्रमांचे पुनःप्रक्षेपण होते त्यांची दुसरी वेळही कायमची लावून ठेवली गेली, आणि हा उपाय छत्री मोठी करण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरला.

अनपेक्षित तक्रार वरच्या मजल्यावरून आली. वरचा टीव्ही आता थेट प्रक्षेपणही याच संगणकातून पाहत होता, म्हणजे तो एक ट्यूनर अडवत होता. दोन वेगळ्या ट्रान्सपाँडरवरची रेकॉर्डिंग सुरू झाली की मुलांचे कार्टून मध्येच बंद पडे, कारण टीव्हीहेडएंड रेकॉर्डिंगला अग्रक्रम देते. अग्रक्रम उलटा करून पाहिला तेव्हा सासऱ्यांचा कार्यक्रम गेला. अखेर वरच्या टीव्हीचा जुना फ्री डिश बॉक्स परत जोडला गेला : थेट पाहायचे ते त्यावर, टिपलेले पाहायचे ते कोडीवर.

दुसरी अडचण माणसाची होती. शाळेतून निवडणुकीच्या कामावर जावे लागल्याने सूनबाई काही दिवस घरी नव्हत्या, आणि त्याच काळात कार्डाची केबल सैल होऊन दोन्ही ट्यूनर बंद पडले. घरात कोणालाही काय पाहायचे ते माहीत नव्हते. त्यानंतर एका पानावर मराठीत सूचना लिहून ते संगणकाशेजारी भिंतीवर लावले, आणि धाकट्या दिरांना वेब-पानावरून संकेताची पातळी पाहणे व यंत्र पुन्हा सुरू करणे शिकवले गेले.

वेगळे काय करता आले असते

ट्यूनरची संख्या ठरवताना फक्त रेकॉर्डिंगचा हिशेब मांडला गेला; थेट पाहणाऱ्यांचा त्यात समावेश नव्हता. तो केला असता तर चार ट्यूनरचे कार्ड घ्यावे लागले असते, किंवा जुने बॉक्स काढून टाकण्याची घाई झाली नसती. खर्चाकडे पाहता दुसरा मार्गच शहाणपणाचा होता, आणि तो पुढे सापडला तसा आधीही सापडला असता.

बॅटरी बदलणे हे जुन्या संगणकाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी करण्याचे काम आहे. रॅमची रात्रभर चाचणी घेणाऱ्या घरात तेवढेच राहून जावे, याचे कारण एरवीच्या वापरात इंटरनेट घड्याळ लगेच नीट करते आणि संपलेली बॅटरी वर्षानुवर्षे लक्षातच येत नाही. संगणकाचा पॉवर सप्लायही जुनाच ठेवला गेला आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या स्वस्त पॉवर सप्लायमधले कपॅसिटर कधी दगा देतील सांगता येत नाही, आणि जाताना तो डिस्क किंवा कार्ड सोबत नेऊ शकतो. तो बदलण्याची शिफारस मी केली होती. कुटुंबाने तो खर्च पुढे ढकलला आहे.

संगणकच नवा घ्यायला हवा होता का, हा प्रश्न या प्रकरणाबद्दल ऐकणारा प्रत्येकजण विचारतो. आठ-दहा वॉटवर चालणारा लहान संगणक घेतला असता तर वीज वाचली असती, पण त्यात कार्ड बसले नसते, यूएसबी ट्यूनर घ्यावे लागले असते आणि मोठी डिस्क बाहेरून जोडावी लागली असती. जुन्या टॉवरमध्ये जागा, स्लॉट आणि डिस्कची सोय आयती होती. विजेच्या बिलातला फरक नव्या यंत्राची किंमत भरून काढायला काही वर्षे घेईल, आणि तोपर्यंत या घराला मोफत वाहिन्यांत रस राहील की नाही, हे ठरलेले नाही.

त्याचे कारण डीडी फ्री डिशच्याच रचनेत आहे. खासगी वाहिन्यांना तिच्यावरच्या जागा लिलावाने मिळतात, आणि वार्षिक लिलावातल्या जागांचे वर्ष १ एप्रिलला बदलते. एप्रिल २०२६ आधी कुटुंबाने दोन गोष्टी ठरवून ठेवल्या आहेत : एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर्व ट्रान्सपाँडर पुन्हा तपासून नाहीशा झालेल्या वाहिन्यांवरची वेळापत्रके काढून टाकायची, आणि यादीतल्या चित्रपट-वाहिन्या गेल्या तर तीस दिवसांची मर्यादा पंधरावर आणून दुसऱ्या ट्यूनरवर मुलांच्या शैक्षणिक वाहिन्या अधिक तास टिपायच्या.